अठरा नखं आणि एक रेघ

मांजराच्या पिल्लाला अठरा नखं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. ही मोजणी ओळंबेरावांनी स्वतः केली होती. ती करताना त्यांच्या हातांवर अकरा ओरखडे उठले, म्हणजे सात नखांनी त्या दिवशी कामच केलं नव्हतं. "कामचुकार सगळीकडेच असतात," असं त्यांनी बायकोला सांगितलं, तेव्हा ती कापसाला औषध लावत होती. ती रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. तिने नवऱ्याचा हात उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "अहो, एवढ्याशा रक्ताला आमच्याकडे नमुनासुद्धा म्हणत नाहीत."

ओळंबेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. भूमापन कार्यालयात ते आरेखक होते, म्हणजे जमिनीच्या हद्दींचे नकाशे हाताने काढणारे. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही रेघ वाकडी गेली नव्हती. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी जो ओळंबा सोडतो, त्याचं नाव कार्यालयाने त्यांना बहाल केलं, आणि पुढे वयाकडे बघून त्याला राव जोडलं. ओळंबेरावांना हे नाव मनातून आवडत असे. घरी ते ताटाशेजारची वाटी काटकोनात सरकवून मगच जेवायला बसत.

अशा घरात त्यांच्या अकरा वर्षांच्या लेकीने शाळेच्या सायकलस्टँडवरून दप्तरात घालून एक करड्या रंगाचं पिल्लू आणलं. "फक्त तीन दिवस, बाबा." त्या तीन दिवसांना आता दुसरा महिना लागला होता. लेकीने पिल्लाचं नाव मखमल ठेवलं. ओळंबेराव त्या पिल्लाला करवत म्हणत. ज्याने सोफा पाहिला होता, त्याला कोणतं नाव बरोबर हे विचारावं लागत नसे. सोफ्याचा डावा हात आता काथ्याच्या ब्रशासारखा दिसत होता. उजव्या हाताचं काम सुरू होतं.

त्या डाव्या हातावरच्या ओरखड्यांना एकदा ओळंबेरावांनी सहज पट्टी लावून पाहिली होती. चार रेघा, मधलं अंतर चार मिलिमीटर, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत समांतर. त्यांच्या हाताखाली आजवर शिकून गेलेल्या एकाही उमेदवाराला हे साधलं नव्हतं. पण ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही. माणसाने शत्रूचं कौतुक फार तर मनात करावं.

कार्यालयात त्यांच्या हातांची चर्चा होऊ लागली होती. हातच्या कंकणाला आरसा कशाला? मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघांचं जाळं होतं.

"काय ओळंबेराव, घरी सगळं ठीक ना?" आवक-जावकवाल्याने विचारलं.

"मांजराचं पिल्लू आहे."

"असं म्हणायची पद्धत आहे खरी," तो म्हणाला आणि आदबीने निघून गेला.

आणि नेमका याच सुमारास साहेबांनी त्यांना बोलावून गल्लीचं प्रकरण सोपवलं.

बाजारपेठेत एक बेकरी आणि एक चष्म्याचं दुकान शेजारी शेजारी होतं. दोघांच्या मागच्या बाजूला एक चिंचोळी गल्ली, आणि तिची हद्द कुठून जाते यावरून बेकरीवाले आणि चष्मेवाले नऊ वर्षं भांडत होते. आजवर तीन नकाशे झाले. पहिला बेकरीवाल्यांनी नाकारला, दुसरा चष्मेवाल्यांनी. तिसरा संगणकाने काढला. तो दोघांनी मिळून नाकारला. संगणक चालवणारा चष्मा लावतो, म्हणजे तो कोणाच्या दुकानात जातो हे उघड आहे, असं बेकरीवाल्यांचं म्हणणं. तर त्याच्या टेबलावर पावाचा चुरा सापडला, असं चष्मेवाल्यांचं. शेवटी साहेबांनी असा माणूस शोधला, ज्याला चष्मा नाही आणि मैदा पचत नाही. सबंध कार्यालयात असे एकटे ओळंबेराव निघाले.

"तीन आठवड्यांनी सोमवारी सुनावणी आहे," साहेब म्हणाले. "दोघंही म्हणालेत, ओळंबेरावांच्या हातचा नकाशा असेल तर आम्ही मानू. तुमच्या नावावर आहे सगळं."

ओळंबेरावांच्या छातीत काहीतरी सरळ झालं. संगणक आल्यापासून त्यांच्याकडे कोणी नकाशा मागितला नव्हता. त्यांचं उतरतं टेबलसुद्धा नव्या यंत्रांना जागा हवी म्हणून भांडारात गेलं होतं. म्हणून साहेबांच्या लेखी परवानगीने त्यांनी काम घरी आणलं आणि आतल्या खोलीत जेवणाच्या टेबलावर फळी टाकून ड्रॉइंगची शाई काढली.

पहिल्याच दिवशी त्यांनी कुटुंबाची सभा घेतली.

"माझ्या नकाशाला हिचं एक नख लागलं, तर त्याच दिवशी ही दूधकेंद्रावर जाईल," ते म्हणाले. दूधकेंद्रवाल्याला उंदरांसाठी मांजर हवंच होतं.

लेकीचे डोळे भरून आले. पण मुलगी ओळंबेरावांची होती. तिने नाक पुसलं आणि विचारलं, "आणि नाही लागलं तर?"

"तर बघू."

"बघू नाही. तर ती इथेच राहील, असं लिहून द्या."

त्यांनी तारीख घालून लिहून दिलं. वर बजावलं, "आणि तू नोंदवही ठेवायची. तिने केलेलं प्रत्येक नुकसान. तारीख, वेळ, ठिकाण, कारण."

"कारणपण?"

"कारणाशिवाय नोंद अपुरी असते," ओळंबेराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी नोकरीत इतक्या वेळा वापरलं होतं, की ते तोंडातून निघताना त्यांना ऐकूही येत नसे.

आता करवतीला वळण लावायचं होतं, आणि हातात तीन आठवडे होते. वळण लावायचं म्हटलं की सल्ला लागतो, आणि सल्ला मागावा लागत नाही, फक्त दार उघडं ठेवावं लागतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर त्याच संध्याकाळी आले. चाळीस वर्षं पुड्या बांधल्यामुळे जगातल्या सगळ्या अडचणी दिवसातून तीन वेळा काहीतरी केल्याने जातात अशी त्यांची श्रद्धा होती.

"संत्र्याची साल," ते म्हणाले. "सोफ्यावर. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मांजराला तो वास सोसत नाही."

"किती दिवस?"

"पाच दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा. मधेच सोडलात तर उलटतं."

घराने पाच दिवस संत्री खाल्ली. करवतीला तो वास सोसला नाही हे खरं. पण म्हणून ती सोफ्यापासून दूर गेली नाही. एकेक साल पंजाने उडवून खाली पाडायची आणि मग निवांतपणे नखं लावायची, असा तिने क्रम बसवला. पूर्वी ती नुसतं नुकसान करत होती, आता आधी साफसफाई करून मग करू लागली. पडलेल्या सालीवरून घसरून ओळंबेरावांनी सोफ्याचा उजवा हात धरला, तेव्हा उरलेलं कापडही निघून हातात आलं.

मग तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकू आल्या. त्यांनी कापडाकडे बघून आधी चुकचुक केलं आणि मग सोफ्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायला सांगितली. "पंजा चिकटला की अद्दल घडते हो. एकदाच."

अद्दल घडली आणि एकदाच घडली, पण कंपाउंडरांना. ते कोर्सचा गुण आला का ते बघायला आले आणि कोणी काही बोलायच्या आत बसले. उठताना सोफाही थोडा उठला. त्यांची पँट सोडवायला काकूंनाच बोलवावं लागलं. काकूंनी कात्री आणली. कंपाउंडर तोंड भिंतीकडे करून उभे होते आणि म्हणत होते, "सावकाश. सावकाश. हे पोटात घ्यायचं औषध नाही." करवत हा सगळा प्रकार कपाटावरून पुढचे पाय दुमडून बघत होती. तिच्या तोंडावर एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा भाव होता.

"तुम्ही दुसरं पिल्लू आणा," काकू जाता जाता म्हणाल्या. "दोघं आपापसात मारामारी करतात, माणसांना त्रास नाही."

"काकू," ओळंबेराव म्हणाले, "नऊ वर्षं भांडणाऱ्या दोघांचं काम सध्या माझ्याकडे आहेच."

पाण्याचा फवारा त्यांनी स्वतःच्या बुद्धीने आणला. करवतीने सोफ्याला पंजा लावला की फवारा. दोन दिवसांत तिला समजलं की सोफ्याला पंजा लावला की बाबा धावत येतात. तिसऱ्या दिवशी ती पंजा लावून मागे वळून वाट बघू लागली.

शेवटी ओळंबेरावांनी ठरवलं, की हौशी लोकांचे उपाय पुरेत. आता काम शास्त्रशुद्ध. मांजरासाठी नखं घासायचा खांब. त्यांनी त्याचा नकाशा काढला, समोरून, बाजूने आणि वरून. तो घेऊन ते सुताराकडे गेले. सुताराने तिन्ही कागद उलटसुलट करून पाहिले.

"किती मजली आहे?"

"मांजरासाठी आहे."

सुताराने त्यांच्या हातांकडे बघितलं आणि पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

खांब झाला. त्यावर ओळंबेरावांनी दोरी गुंडाळली, एकशे बारा वेढे, एकही एकमेकांवर चढलेला नाही. खांब त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात, दोन्ही भिंतींपासून समान अंतरावर उभा केला आणि खरंच ओळंबा लावून तपासला. घरातली ती एकमेव गोष्ट होती जिला करवतीने नख लावलं नाही. ती त्याच्या बाजूने अशी जाई, जशी माणसं पुतळ्याच्या बाजूने जातात.

"बाबा, तो फार नीटनेटका आहे," लेक म्हणाली. "तिला भीती वाटत असेल."

एक आठवडा उरला तेव्हा बायको म्हणाली, "आता मात्र डॉक्टरकडे न्या." प्राण्यांचा दवाखाना नगरपालिकेचा होता, आणि दवाखान्यात जाण्यापूर्वी पिल्लाची नोंदणी लागे. नोंदणीच्या खिडकीवर ओळंबेराव निर्धास्त मनाने गेले. आयुष्य खिडकीच्या आतल्या बाजूला गेलेलं, त्यामुळे अर्ज म्हणजे घरचाच मामला. अर्जात एक ओळ होती : 'स्वभाव : शांत / आक्रमक. लागू नसेल ते खोडा.'

खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत केला. "हे खोडलेलं नाही."

"मी खाडाखोड केलेला कागद देत नाही," ओळंबेराव म्हणाले.

"आम्ही न खोडलेला घेत नाही."

"हवं तर मी बाजूला स्वच्छ अक्षरात लिहून देतो."

"लिहायला जागा नाही. खोडायलाच आहे." बाईंनी चष्मा वर केला. "अर्ज अपूर्ण आहे."

हे तीन शब्दसुद्धा त्यांचेच होते. त्यांनी ते आजवर किती लोकांना ऐकवले असतील याचा हिशेब नव्हता. पण समोरच्या बाजूने ते कसे लागतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. रांगेतल्या मागच्या माणसाने सुस्कारा टाकला. ओळंबेराव मान ताठ ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता बायको तिथे गेली, एका फटक्यात 'शांत' खोडलं आणि क्रमांक घेऊन आली.

शुक्रवारी तिघंही दवाखान्यात गेले. पिल्लू खोक्यात होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांच्या स्वतःच्या हातांवर एकही ओरखडा नव्हता, हे ओळंबेरावांनी लगेच टिपलं.

"हाताशी खेळायला हिला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

तिघंही तिच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे बघा," त्या म्हणाल्या, "पिल्लू जन्मतः हातावर झेप घेत नाही. कोणीतरी पांघरुणाखाली, पेपराखाली बोटं हलवतं, ते त्याला पकडतं, माणूस हसतो. झालं. मग त्याच्या लेखी हात म्हणजे उंदीर. घरात कोणी असं केलंय का?"

बायकोने ओळंबेरावांकडे पाहिलं. ओळंबेरावांनी भिंतीवरच्या गुरांच्या तक्त्याकडे पाहिलं. लेकीने छताकडे पाहिलं.

"पोरं करतात कधी कधी," ओळंबेराव म्हणाले. लेक काही बोलली नाही. ही गोष्ट त्यांना नंतर फार टोचली.

"यापुढे हात पूर्ण बंद. काठीला दोरी बांधून खेळवा, रोज दोन वेळा, ती दमेपर्यंत. आणि खांब आहे ना घरी? कोपऱ्यातून काढून सोफ्याच्या पुढ्यात ठेवा. येता-जाता पायात आला पाहिजे."

"पुढ्यात म्हणजे मध्येच?" ओळंबेरावांचा आवाज चिरका झाला. "खोलीच्या मध्ये? तिरका?"

"मांजराला कोपरे सजवायचे नसतात हो. जिथे सगळे बसतात तिथे तिला आपली खूण करायची असते."

मग त्यांनी करवतीला टॉवेलात गुंडाळलं आणि नखांची टोकं कापायला घेतली. ओळंबेराव मनात मोजत होते. पंधरा, सोळा, सतरा. सतरा झाल्यावर करवत टॉवेलातून निसटली आणि औषधांच्या कपाटाखाली गेली. तिला बाहेर काढायला अर्धा तास लागला, आणि बाहेर रांग लागली होती.

"अजून एक राहिलं," ओळंबेराव म्हणाले. "उजवा पुढचा पाय, आतून दुसरं."

"पुढच्या वेळी कापू," डॉक्टरीणबाई हात धुत म्हणाल्या. "एका नखाने काय होतंय!"

रविवारी दुपारी साडेतीन वाजता नकाशा पुरा झाला. तो ओळंबेरावांचा आजवरचा सगळ्यात चांगला नकाशा होता, आणि हे ते स्वतः म्हणत होते, म्हणजे तो होताच. बेकरीची भट्टी, चष्म्याच्या दुकानाची मागची पायरी, मधली गल्ली आणि गल्लीतून केसासारखी जाणारी हद्दीची सरळ रेघ. शेवटी त्यांनी कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला, ठसठशीत, भरपूर शाईचा. आता अर्धा तास काही करायचं नव्हतं. शाई वाळायची होती.

इतके दिवस आतल्या खोलीचं दार बंद असे आणि करवत ते बाहेरून ओरबाडत असे. त्या दिवशी काम संपल्याच्या आनंदात ओळंबेरावांनी दार उघडलं. ती आत आली, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर चढली आणि अतिशय सभ्यपणे बसली. नखं कापल्यामुळे असेल, किंवा सकाळी लेकीने दोरीने तासभर दमवल्यामुळे असेल. तिने नकाशाकडे पाहिलं. ओळंबेरावांना वाटलं, तिला तो आवडला.

नकाशा ट्रेसिंग पेपरवर होता, आणि त्याची एक कड फळीच्या बाहेर लोंबत होती. ट्रेसिंग पेपरला एक सवय असते. जरा धक्का लागला की तो खसखस वाजतो. ओळंबेरावांचा डावा हात टेबलाखाली रिकामा होता. वीस मिनिटं तो रिकामाच राहिला. सव्वीस वर्षं सरळ रेघा ओढणाऱ्या माणसाच्या अंगात एखादं वाकडं बोट असणारच. ते कडेखाली गेलं. एकदाच हललं.

खस्स.

करवतीचे कान ताठ झाले. ओळंबेरावांना वेळ होता. बोट काढून घ्यायला पुरेसा वेळ होता, हे त्यांनी पुढे कधीही नाकारलं नाही. ते पुन्हा हललं.

ती उडाली. उजवा पंजा आधी उत्तर दिशेच्या बाणावर पडला, जिथे शाई अजून ओली होती, आणि तिथून घसरत बोटाच्या मागे गल्लीत शिरला. सतरा नखांनी नकाशाला काहीही केलं नाही. अठराव्याने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काळी, लवचिक, शेवटाला आकड्यासारखी वळलेली रेघ ओढली.

ओळंबेरावांनी हाक मारली नाही. पण ज्या घरात सतत काहीतरी पडत असतं तिथे शांतता लगेच ऐकू येते. बायको आणि लेक दारात आल्या. मागोमाग, वास लागल्यासारखे, कंपाउंडर.

"पुन्हा काढा ना," बायको हळूच म्हणाली.

"तीन आठवड्यांचं काम आहे. सुनावणी उद्या आहे."

"खरवडून काढा, ब्लेडने," कंपाउंडर म्हणाले. "दिवसातून तीन..."

"मूळ नकाशावर खाडाखोड चालत नाही. रेघ पडली ती पडली. बाजूला शेरा लिहायचा, ती का पडली, आणि सही करायची." ओळंबेरावांनी कपाळावरून हात फिरवला, कपाळही काळं झालं. "सव्वीस वर्षांत मी एकही शेरा लिहिलेला नाही."

"मग सांगा गटार आहे," कंपाउंडर म्हणाले. "गल्लीत गटार असतंच. कोण बघायला जातंय?"

ओळंबेरावांनी रेघेकडे पाहिलं. गटारासारखी ती दिसत होती खरी. क्षणभर त्यांचा हात टाकाकडे गेलाही. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तिने पिल्लू उचलून छातीशी धरलं होतं, आणि दुसऱ्या हातात नोंदवही होती.

"बाबा, आजची नोंद करायची आहे," ती म्हणाली. तिचा आवाज फार बारीक झाला होता. "ठिकाण, नकाशा. वेळ, चारला दहा मिनिटं कमी. कारण काय लिहू?"

ओळंबेरावांनी वही घेतली. महिनाअखेरीला एकदम तपासू म्हणून त्यांनी ती आजवर उघडलीच नव्हती. सुबक रकाने आखलेले, पट्टीने. शेवटचा रकाना कारणाचा. 'पेपराखाली बोट हलवले – बाबा.' 'पांघरुणात अंगठा हलवला – बाबा.' 'साल पडल्याने घसरून कापड फाडले – बाबा स्वतः.' 'चहा पिताना कप ठेवून बोटे नाचवली. आई आत होती – बाबा.' एकूण सदतीस नोंदी होत्या, त्यांतल्या चोवीस त्यांच्या. नोंदी निर्दोष होत्या. खाडाखोड कुठेही नव्हती.

"हे तू डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलं नाही," लेक म्हणाली. "तुम्हाला विचारलं होतं."

ओळंबेराव बसले. त्यांनी टाक शाईत बुडवला, नकाशाच्या समासात पट्टी धरली आणि आयुष्यातला पहिला शेरा सुवाच्य अक्षरात लिहिला : 'गल्लीतील वक्र रेघ मांजराच्या पिल्लाने ओढलेली असून तिचा हद्दीशी संबंध नाही.' सही करायला हात टेकला, आणि थांबला. कारणाशिवाय नोंद अपुरी असते. त्यांनी एक ओळ वाढवली : 'निम्नस्वाक्षरीकाराने नकाशाखाली बोट हलविल्यामुळे सदर प्रकार घडला.' मग सही केली. सही मात्र जरा वाकडी आली.

सोमवारी सुनावणीत तो शेरा लिपिकाने मोठ्याने वाचला, कारण शेरे मोठ्याने वाचायचे असा नियम आहे. वाचून झाल्यावर त्याने कागद डोळ्यांजवळ नेला आणि, खात्री करायला म्हणून, दुसऱ्यांदा वाचला. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. आवक-जावकवाला दारात होता. त्याचं तिथे काहीही काम नव्हतं.

"किती वेळा हलवलं?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"दोनदा, साहेब."

बेकरीवाले आणि चष्मेवाले नकाशावर वाकले होते, नऊ वर्षांत पहिल्यांदाच एकाच बाजूने. ओळंबेरावांची सरळ रेघ ते बघतही नव्हते.

"ही रेघ मांजराने काढली?" बेकरीवाले म्हणाले.

"हो. तिच्याकडे दुर्लक्ष करा. हद्द ही आहे, ही सरळ..."

"थांबा हो. मांजर कोणाचं?"

"माझ्या मुलीचं."

"ते चष्मेवाल्यांकडे कधी गेलं होतं?"

"मांजर चष्मेवाल्यांकडे कशाला जाईल?"

"पाव खातं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "भट्टीच्या बाजूला जरा जास्त सोडलंय तिने," बेकरीवाले सावकाश म्हणाले.

"माझ्या पायरीपाशी वळून आत आली आहे, माझी पायरी राखली," चष्मेवाले म्हणाले. "हिला कोणी शिकवून पाठवलेलं नाही, एवढं तरी नक्की."

"अहो, पण ती चुकीची आहे!" ओळंबेरावांचा आवाज चढला. सव्वीस वर्षांत तो कार्यालयात पहिल्यांदाच चढला. "मी तीन आठवडे मापं घेतली आहेत! खरी हद्द सरळ जाते! ही रेघ म्हणजे... हिला काही अर्थ नाही! ती माझ्या बोटाच्या मागे धावली होती!"

"तुमची रेघ बरोबरच असणार, ओळंबेराव," बेकरीवाले समजुतीने म्हणाले. "पण ती मान्य केली की एक जण हरतो. हिच्यापुढे हरायला कोणाची ना नाही."

नियम असा होता, की दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली तर ते म्हणतील ती हद्द. साहेबांनी नियम दोनदा वाचून पाहिला. तो तसाच निघाला. अडचण एकच होती. रेघ कोणी काढली त्या रकान्यात मांजराचं नाव चालत नव्हतं; तिथे कर्मचाऱ्याची सही लागत होती. साहेबांनी टाक ओळंबेरावांपुढे केला. मग ज्या सहीखाली सव्वीस वर्षं एकही वाकडी रेघ गेली नव्हती, ती सही त्यांनी त्या रेघेखाली केली.

"हे शेवटचं वळण कशाचं?" चष्मेवाल्यांनी उत्सुकतेने विचारलं. "भिंत बांधताना गवंडी विचारेल."

"तिथे तिला बोट सापडलं," ओळंबेराव म्हणाले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा लेकीने पिल्लाचं सगळं सामान खोक्यात भरून ठेवलं होतं. दोरीची काठी, एक जुना मोजा, पाण्याची वाटी, आणि मधे स्वतः करवत. वर घडी घालून त्यांनी लिहून दिलेला कागद. ती सोफ्यावर खोका मांडीवर घेऊन बसली होती, आणि बायको स्वयंपाकघरातून मुद्दाम बाहेर येत नव्हती.

ओळंबेरावांनी कागद उघडून वाचला. नकाशाला नख लागलं तर त्याच दिवशी दूधकेंद्रावर. स्वतःच्याच अक्षरात, तारखेसह.

"नख लागलं," लेक म्हणाली. "तुम्ही लिहून दिलंय."

"नख लागलं," ओळंबेराव म्हणाले. "पण ते कारण नव्हे. कारण कालच नोंदवलं आहे. सहीसकट. आज तर ते मोठ्याने वाचलंय, दोनदा."

लेकीने मान वर केली. "मग दूधकेंद्रावर कोणाला जावं लागेल?"

ओळंबेराव कोपऱ्यात गेले, खांब उचलला आणि सोफ्याच्या पुढ्यात, खोलीच्या ऐन मध्यात, येता-जाता पायात येईल असा ठेवला. तो तिरका होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, सरळ करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. करवत खोक्यातून बाहेर आली, खांबाभोवती फिरली, मग मागच्या पायांवर उभी राहिली आणि एकशे बारा वेढ्यांतला पहिला वेढा तिने फराफरा सोडवला.

"अहो," बायको आतून म्हणाली, "उभेच आहात तर किटली घ्या."

ओळंबेरावांनी किटली घेतली, चपला घातल्या आणि ते दूधकेंद्रावर गेले. घरातलं दूध संपलं होतं.